काय हवे आणि कसे करावे: दोन कागदांमधली रेघ

साहित्य शिकवणाऱ्याने संगणकप्रणालीच्या कागदपत्रांवर लिहावे, ही काहींना अनधिकार चेष्टा वाटेल. तरीही ती करावीशी वाटते. ज्या कागदांविषयी बोलायचे आहे ते शेवटी गद्यात लिहिलेले असतात. त्यांत वाक्ये असतात, वाक्यांना कर्ता असतो (किंवा तो मुद्दाम वगळलेला असतो), आणि त्या वाक्यांचा अर्थ कसा लावला जातो यावर पुढे हजारो माणसांची कामे मार्गी लागतात किंवा अडतात. एवढे असूनही हे गद्य आपल्या अभ्यासाच्या कक्षेत कधी आले नाही. व्यावहारिक मराठीच्या पेपरात आपण निविदासूचना, इतिवृत्त आणि माहितीपत्रक शिकवतो आणि तिथेच थांबतो.

काही वर्षांपूर्वी माझा संबंध असलेल्या एका महाविद्यालयाने प्रवेश, शुल्क आणि दाखले यांसाठी नवी प्रणाली विकत घेतली. समितीत मला घेतले होते ते पडद्यावरच्या मराठी शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ तपासण्यापुरते. कंपनीने दिलेला दस्तऐवज चाळीसेक पानांचा आणि इंग्रजीत होता. शेवटच्या पानावर सहीची जागा. कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी तिथे सही केली. तीस वर्षांच्या नोकरीत प्रवेशाच्या कामात येणारा प्रत्येक अपवाद या गृहस्थांच्या हाताखालून गेलेला. मी विचारले, "भाऊसाहेब, वाचलंत का सगळं?" ते म्हणाले, "सर, पहिली दोन पानं वाचली. पुढं सगळं टेबल आणि फील्ड. त्यात आपल्याला काय कळतंय? आणि सही नाही केली तर जूनमध्ये प्रवेश सुरू व्हायचे नाहीत."

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक मुलगी आली. ती वडिलांचे नाव लावत नव्हती. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिचे नाव, आईचे नाव आणि आईचे माहेरचे आडनाव एवढेच होते. नव्या प्रणालीत 'वडिलांचे नाव' हा रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते. खिडकीवरच्या लिपिकाने तोडगा काढला आणि त्या जागी एक टिंब दिले. टिंब हे यंत्राच्या दृष्टीने अक्षरच, त्यामुळे प्रणालीने ते मुकाट्याने घेतले. मग ते टिंब ओळखपत्रावर छापून आले, परीक्षेच्या अर्जावर आले आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाशी नाव जुळेना तेव्हा मोठे झाले. ती मुलगी पाच वेळा कार्यालयात आली. दर वेळी खिडकीपाशी, मागे रांग उभी असताना, आपल्या नावात वडील का नाहीत हे तिला नव्याने सांगावे लागले. दुरुस्तीविषयी विचारले तेव्हा कंपनीच्या प्रतिनिधीने दस्तऐवज उघडून दाखवला. एका तक्त्यातल्या ओळीत 'फादर नेम', पुढे अक्षरमर्यादा पन्नास, आणि त्यापुढे 'नॉट नल'. त्याचे म्हणणे चूक नव्हते. त्या पानाखाली भाऊसाहेबांची लघुस्वाक्षरी होती.

'नॉट नल' म्हणजे हा कप्पा रिकामा राहू शकत नाही. माहितीसाठा बांधणाऱ्याच्या दृष्टीने हा एक तांत्रिक तपशील आहे. मराठीत उलगडून लिहिला तर त्याचे वाक्य असे होते: 'ज्या विद्यार्थ्याला वडिलांचे नाव नाही, त्याला या महाविद्यालयात प्रवेश मिळणार नाही.' हे वाक्य कुणी भाऊसाहेबांपुढे ठेवले असते तर त्यांनी सही तर केली नसतीच, ठेवणाऱ्याला चार शब्द सुनावले असते. तेच वाक्य दोन इंग्रजी शब्दांचे झाले, तक्त्यात बसले आणि सहीखालून निघून गेले.

ज्यांचा या व्यवसायाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. व्यवसायासाठी किंवा कार्यालयासाठी प्रणाली बांधताना दोन प्रकारचे लेखन करावे लागते. पहिल्यात प्रणालीने काय करावे हे वापरणाऱ्याच्या बाजूने सांगितलेले असते: कोण येईल, काय मागेल, त्याला काय दिसेल, कोणत्या स्थितीत नकार मिळेल, अपवाद कोणते. दुसऱ्यात ते कसे घडवायचे हे बांधणाऱ्याच्या बाजूने सांगितलेले असते: माहिती कोणत्या तक्त्यांत साठवायची, कोणती भाषा वापरायची, दोन यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलायचे. पहिल्याला त्या व्यवसायात फंक्शनल स्पेसिफिकेशन म्हणतात, दुसऱ्याला टेक्निकल. आपल्या शासकीय परिभाषेत 'स्पेसिफिकेशन'ला 'विनिर्देश' असा शब्द आहे. त्याला धरून कार्यविनिर्देश आणि तंत्रविनिर्देश असे म्हणता येईल, पण बोलताना जीभ अडखळते. मी इथे 'कार्यलेख' आणि 'तंत्रलेख' म्हणणार आहे.

हे दोन लेख वेगळे असावेत, हा विचार त्या क्षेत्रात नवा नाही. अभियंत्यांच्या आयट्रिपलई या संस्थेने १९९८ साली गरजांच्या दस्तऐवजाविषयी जी शिफारस प्रसिद्ध केली, तिच्यात रचनेचा तपशील या दस्तऐवजात आणू नये असेच सुचवले होते. जोएल स्पोल्स्की या अमेरिकी प्रणालीकाराने २००० साली याच विषयावर एक लेखमाला लिहिली आणि कार्यलेख वापरणाऱ्याच्या नजरेतून लिहायचा असतो, आत यंत्र काय करते याची त्यात फिकीर करायची नसते, हा भेद सामान्य प्रोग्रामरपर्यंत नेला. त्याच्याही आधी, १९८६ साली, फ्रेडरिक ब्रुक्स यांनी म्हटले होते की प्रणाली बांधण्यातला सर्वांत अवघड भाग म्हणजे नेमके काय बांधायचे हे ठरवणे. म्हणजे तत्त्व मान्य आहे. व्यवहारात मात्र, निदान मी ज्या कार्यालयांच्या आसपास वावरतो तिथे, एकच जाडजूड कागद येतो आणि त्यात दोन्ही गोष्टी डाळतांदळासारख्या मिसळलेल्या असतात.

हा भेद आपल्या परंपरेलाही अनोळखी नाही. मीमांसकांनी विधिवाक्याचा विचार करताना तीन आकांक्षा वेगळ्या काढल्या होत्या: काय साधायचे, कशाने साधायचे आणि कसे साधायचे, साध्य, साधन आणि इतिकर्तव्यता. यज्ञ करणाऱ्या यजमानाचा अधिकार ठरतो तो साध्याशी जोडून, कारण फळाची इच्छा त्याची असते. आहुत्यांचा क्रम, पात्रांची मांडणी हे ऋत्विजांचे क्षेत्र. यजमानाला प्रयोगातले सगळे कळत असेल अशी अपेक्षा नव्हती. संकल्प मात्र त्यानेच सोडायचा होता. (अर्थात त्या व्यवस्थेत यजमान कोणाला होता येत असे हा निराळा आणि अधिक अप्रिय प्रश्न आहे.)

पण मला यापेक्षा जवळचे उदाहरण आमच्या गावात दिसते. सोलापुरी चादर सर्वांच्या घरी असते, ती कशी विणली जाते हे फार थोड्यांनी पाहिलेले असते. चादरीवरचा मोर मागावर कुणी हाताने काढत नाही. तो आधी कागदावर चित्र म्हणून काढला जातो. मग चौकटीच्या कागदावर, ज्याला इथे सगळे 'ग्राफ' म्हणतात, त्याचे घर न् घर भरले जाते: उभी घरे म्हणजे ताण्याचे धागे, आडव्या ओळी म्हणजे बाण्याचे. ग्राफवरून पुठ्ठ्याची कार्डे छिद्रित होतात, एका बाण्याला एक कार्ड. कार्डे क्रमाने शिवून त्यांची माळ जॅकार्डवर चढते. छिद्र असेल तिथे सुई आत जाते, तिचा हूक उचलला जातो आणि ताण्याचा तेवढा धागा वर येतो. छिद्र नसेल तिथे धागा खाली राहतो. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध केलेली ही युक्ती पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी विचारात घेतली आणि १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथने छिद्रित कार्डेच वापरली, हा इतिहास आता पाठ्यपुस्तकांत आहे. आज अनेक ठिकाणी कार्डांच्या जागी संगणकाची फाइल आली आहे, पण चित्र, ग्राफ आणि माग या तीन पायऱ्या मोडलेल्या नाहीत.

यात महत्त्वाचे काय? चादरीची मागणी देणारा व्यापारी चित्रापाशी बोलतो. मोराची मान बारीक हवी, काठ रुंद हवा, मध्ये देवळाचे शिखर नको, गर्द निळा हवा. हे तो बोलू शकतो, कारण चित्र त्याला वाचता येते. कार्डांची माळ त्याच्यापुढे टाकून 'यावर सही करा' असे कुणी म्हणत नाही. आणि कार्डे छिद्रणाऱ्यानेही मोराची मान आपल्या मनाने लांबवायची नसते. ग्राफ करणारा माणूस या दोघांमध्ये बसतो. त्याचे कसब दोन्हीकडच्या भाषा येण्यात आहे. पद्मशाली समाजातल्या जुन्या नक्षीकारांच्या घरी तेलुगू, बाजारात मराठी आणि मागावर या दोहोंच्या मिश्रणात इंग्रजी शब्द, अशी ही तिहेरी भाषा आजही ऐकू येते.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर दृष्टांत फारच सोयीचा होईल. चित्र आणि माग यांच्यामधली रेघ अभेद्य नसते. एका इंचात ताण्याचे धागे किती आणि बाण्याचे किती हे सारखे नसले, तर साध्या समचौकोनी ग्राफवर काढलेला डौलदार मोर चादरीवर ताणलेला किंवा बसका येतो. म्हणून ग्राफच्या घरांचे प्रमाण धाग्यांच्या प्रमाणानुसार निवडावे लागते. बाण्यात किती रंग फिरवता येतात याला मागाची मर्यादा असते आणि ती मर्यादा व्यापाऱ्याला चित्राच्या वेळीच सांगावी लागते. म्हणजे 'कसे' हे 'काय'च्या कानात कुजबुजत असतेच. पण ते त्याला कळेल अशा बोलीत कुजबुजते. 'सहावा रंग घेतला तर माग थांबवावा लागेल आणि चादर महाग पडेल' हे वाक्य व्यापाऱ्याला कळते. त्यावर तो हो किंवा नाही म्हणू शकतो.

आता जरा मोठ्या पटावरचे उदाहरण घेऊ. जून २०१७ मधल्या शेतकरी संपानंतर राज्य शासनाने दीड लाख रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीची 'छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना' जाहीर केली. तिचा आकडा ३४,०२२ कोटी रुपयांचा सांगितला गेला. लाभाचे एकक ठरवले 'कुटुंब': पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालील अपत्ये. अर्ज ऑनलाइन भरायचे होते. सोलापूरसारख्या जिल्ह्यात त्या पावसाळ्यात सेवा केंद्रांसमोर लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रांचे वाटप झाले आणि पाठोपाठ याद्यांमधल्या चुका पुढे आल्या. अर्जातली माहिती आणि बँकांची माहिती यांचा मेळ बसेना आणि प्रसिद्ध झालेली यादी मागे घ्यावी लागली. दोष संगणकाचा की बँकांचा यावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. मला त्या वादात पडायचे नाही. मला त्या एका शब्दापाशी थांबायचे आहे.

'कुटुंब' हा शब्द मराठीत किती निसरडा आहे हे आपल्याला वेगळे सांगायला नको. जुन्या पिढीचा माणूस 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय' म्हणायचा तेव्हा त्याला फक्त बायको अभिप्रेत असे. गावात 'त्यांचं कुटुंब मोठं' म्हणतात तेव्हा चुलत्यांपासून सगळे येतात. शिधापत्रिकेचे कुटुंब चुलीवर ठरते, सात-बाऱ्याला कुटुंब ठाऊकच नसते, तिथे खातेदार असतात. शासननिर्णयात व्याख्या दिलेली होती, पण व्याख्येच्या कडेला नेहमीच माणसे उभी असतात. अठरा वर्षे कोणत्या तारखेला मोजायची? वेगळी राहणारी पण घटस्फोट न झालेली पत्नी कोणत्या कुटुंबात? विधवा आई मुलाच्या कुटुंबात नाही, मग ती एकटीच एक कुटुंब का? आणि मुख्य म्हणजे, बँकेचे खाते व्यक्तीच्या नावे असते, कुटुंबाच्या नावे नसते. मग ज्या माहितीत कुटुंब नावाची वस्तूच नाही, तिच्यातून कुटुंबे जुळवायची कशी? यातला शेवटचा प्रश्न वरवर तंत्राचा दिसतो. त्याच्या आधीचे सगळे प्रश्न कार्यलेखाचे आहेत. ते तालुक्याच्या सहकार खात्यातल्या, बँकेतल्या, विकास सोसायटीतल्या माणसांनी मराठीत सोडवायचे प्रश्न आहेत. प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलापर्यंत ते न सुटता पोहोचले, तर तोही ते सोडवतोच, कारण यंत्राला संदिग्ध वाक्य चालत नाही. फक्त त्याने कोणत्या बाजूने सोडवले हे कुणाला दिसत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या 'महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजने'त, माफीची मर्यादा दोन लाख करताना, एकक बदलले. 'कुटुंब' गेले आणि वैयक्तिक शेतकरी आला. अर्ज भरून घेणेही थांबले. माहिती बँकांनी द्यायची, यादीत विशिष्ट क्रमांकासह नाव लागायचे आणि शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरण करायचे. या योजनेलाही तिच्या तक्रारी होत्या. पण पहिल्यापेक्षा दुसरी कागदावर कितीतरी सरळ होती आणि तो सरळपणा चांगल्या यंत्रांतून आलेला नव्हता. 'कोणाला द्यायचे' या प्रश्नाचे उत्तर असे निवडले गेले की जे नोंदवहीत आधीपासून अस्तित्वात होते.

चांगल्या कार्यलेखाचा नमुना दाखवा असे कुणी म्हटले, तर मी मार्च २०२४ मधल्या राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयाकडे बोट दाखवीन. शासकीय कागदपत्रांत आधी व्यक्तीचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला. विवाहित स्त्रियांच्या नावाची प्रचलित पद्धत तशीच ठेवली. अनाथ मुलांचा अपवाद नोंदवला. काय दिसले पाहिजे, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या बाबतीत नाही. माहिती एका कप्प्यात साठवा की चार, याचा एक शब्द नाही. ते ज्याचे त्याने पाहायचे. या निर्णयावर चर्चा झाली, टीका झाली, घटस्फोटितांचे काय असे विचारले गेले. हे घडू शकले कारण वाक्य सर्वांना वाचता आले.

याउलट, जिथे 'काय' लिहिलेच जात नाही तिथे यंत्राची सवय नियम होऊन बसते. एक साधी गंमत सांगतो, आपल्या विषयाच्या अगदी जवळची. युनिकोडमध्ये 'ळ'चे स्थान 'ल'च्या लगेच नंतर आणि 'व'च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'च्या नंतर. त्यामुळे कुणी काही न सांगता प्रणालीने नावांची यादी संकेतांकांच्या क्रमाने लावली, तर काळे आधी येतात आणि कावळे, काशीद मागे पडतात. आपल्या वर्णक्रमाने कावळे आधी, मग काशीद, मग काळे. 'क्ष' संकेतांकांत क, विराम आणि ष असा फोडलेला असल्याने क्षीरसागर जातात खरातांच्या आधी. शाळेत शिकलेल्या क्रमाने ते जवळजवळ शेवटी यायला हवेत. आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतून घराण्याचे नाव आधी आणि व्यक्तीचे नंतर लिहिण्याची रीत आहे, म्हणजे 'आडनावाने क्रम लावा' या सूचनेतले आडनाव कोणते हाच प्रश्न. हजेरीक्रमांक इकडचा तिकडे झाल्याने आभाळ कोसळत नाही, हे मान्य. पण 'मराठी नावे मराठी वर्णक्रमाने लावावीत, ळ हा ह नंतर, क्ष आणि ज्ञ शेवटी, आडनाव म्हणजे दाखल्यावर आडनाव म्हणून नोंदलेले' हे दीड ओळीचे वाक्य लिहायला कोण बसणार? तंत्रज्ञ नाही, त्याला हा प्रश्न आहे हेच माहीत नसते. हे वाक्य आपले आहे आणि आपण ते लिहिले नाही.

आता आक्षेप. पहिला आपल्याच घरातून येईल. आशय आणि अभिव्यक्ती वेगळी काढता येत नाहीत, हे आपण मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारापासून आजवर वर्गात सांगत आलो. मग 'काय' आणि 'कसे' वेगळे करा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? मला वाटते, इथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. सिद्ध झालेल्या कलाकृतीत ती वेगळी काढता येत नाहीत, तशी ती सिद्ध झालेल्या चादरीतही येत नाहीत. मोर उसवून काढला तर हातात धागेच राहतील. प्रणालीच्या बाबतीत प्रश्न वस्तूच्या एकसंधतेचा नसून जबाबदारीचा आहे. कवितेवर वाचकाला आगाऊ सही करावी लागत नाही. ती न आवडल्यास पुस्तक मिटण्याची मुभा त्याला असते. प्रवेशअर्जाचे पान मिटण्याची मुभा त्या मुलीला नव्हती.

दुसरा आक्षेप त्या व्यवसायातल्या तरुणांचा. त्यांतले काही आपलेच माजी विद्यार्थी आहेत, पुण्याला हिंजवडीत असतात, सुटीत भेटतात. ते म्हणतात, सर, हे जुने झाले. २००१ साली अमेरिकेत सतरा जणांनी मिळून 'अजाइल' नावाचा जाहीरनामा काढला आणि लांबलचक दस्तऐवजांपेक्षा चालती प्रणाली महत्त्वाची ठरवली. आता आम्ही दोन आठवड्यांत थोडे बांधतो, दाखवतो, बदलतो. यात तथ्य आहे. चाळीस पाने कुणी वाचत नाही हे भाऊसाहेबांनी सिद्ध केलेच होते. पण दर पंधरवड्याला दाखवायचे कुणाला? पुण्यातल्या कचेरीत ज्याला दाखवले जाते तो बहुधा ग्राहकसंस्थेचा व्यवस्थापक असतो. खिडकीवरचा लिपिक तिथे नसतो, आणि टिंबाची वेळ त्याच्यावर येते. लांब दस्तऐवज नको, ठीक. छोटा चालेल. एक पान चालेल. फक्त ते खिडकीवरच्या माणसाला वाचता यावे आणि त्यात तक्ते, कप्पे, 'नल' नसावे.

आणि ते मराठीत असावे. हा माझा खरा आग्रह आहे आणि तो केवळ भाषाभिमानापोटी नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. शासनाचा निर्णय मराठीत निघतो. त्यावरून कंपनीचा माणूस इंग्रजीत दस्तऐवज करतो. त्यावरून प्रणाली होते आणि शेवटी तिच्या पडद्यावरची इंग्रजी लेबले कुणीतरी पुन्हा मराठीत आणतो. त्या वेळी मूळ निर्णय त्याच्या टेबलावर नसतो. या येण्याजाण्यात काय काय सांडते ते पाहावे. महसुली 'फेरफार' इंग्रजीत म्युटेशन होतो. परतताना तो कोशातून 'उत्परिवर्तन' होऊन आला तर नवल वाटायला नको. आपल्या 'पालक' या शब्दात आई, वडील, मामा, आजी, वसतिगृहाचे अधीक्षक सगळे सामावतात. इंग्रजीत जाताना त्याचे 'पेरेंट' आणि 'गार्डियन' असे दोन होतात, प्रोग्राममध्ये त्यांतला एकच उरतो आणि पडद्यावर परत येताना तो 'वडील' झालेला असतो. ही कल्पना नाही. त्या चाळीस पानांत पहिल्या भागात 'पेरेंट' होते आणि तक्त्यात 'फादर'. हा बदल कोणत्या बैठकीत ठरला, असे मी विचारले. कोणत्याच नाही. तो तक्ता दुसऱ्या एका संस्थेसाठी केलेल्या प्रणालीतून उचललेला होता.

ज्याला आपण संहिताचिकित्सा म्हणतो ती याहून वेगळी काय असते? पाठभेद शोधणे, प्रक्षिप्त ओळ ओळखणे, एका शब्दाचे दोन ठिकाणचे अर्थ ताडून पाहणे. हस्तलिखितांच्या बाबतीत आपण हे करतो आणि आपल्याच कार्यालयात येऊन पडलेल्या संहितेकडे पाठ फिरवतो. एम. ए. झालेली आपली मुले नोकरीसाठी वणवण करतात. कार्यलेख लिहिणे हे एक काम आहे, त्याला दाम आहे, आणि त्यासाठी लागणारे निम्मे शिक्षण, म्हणजे दुसऱ्याचे बोलणे ऐकून घेऊन त्याचे संदिग्धता नसलेले वाक्य करणे, हे भाषेचेच शिक्षण आहे. उरलेले निम्मे कार्यालयात बसून मिळते.

गेल्या वर्षी व्यावहारिक मराठीच्या तासाला मी एक प्रयोग केला. अभ्यासक्रमात नसल्याने त्याला गुण नव्हते. साहजिकच चौदा जणच बसले. विषय दिला: प्रवेशअर्जातल्या 'वडिलांचे नाव' या एका रकान्याचा कार्यलेख लिहा, जास्तीत जास्त एक पान, यंत्राविषयी एकही शब्द नको. पहिल्या खेपेला बहुतेकांनी निबंध लिहिला. दोघांनी पितृसत्तेवर. दुसऱ्या खेपेला मी त्यांना भाऊसाहेबांकडे पाठवले. ते आता निवृत्त झाले आहेत, पण अक्कलकोट रस्त्यावर घर आहे आणि बोलायला तयार असतात. तासाभराने मुले परत आली तेव्हा कागद बदललेले होते. वडील वारलेले असतील तर नावाआधी 'कै.' लिहू द्यायचे का, कारण मग दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळत नाही. दत्तक मुलाने कोणते नाव लिहायचे आणि त्याला कोणता कागद मागायचा, मागायचाच का. नाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत. वडील बेपत्ता असतील तर. रकाना रिकामा ठेवायचा असेल तर कारण विचारायचे नाही, असे एका मुलीने लिहिले होते, आणि 'विचारायचे नाही' याखाली दोनदा रेघ मारली होती.

भाऊसाहेबांनी सगळे कागद पाहिले. तिच्या कागदावर त्यांनी एकच दुरुस्ती केली. 'खिडकीवर' हा शब्द वाढवला, खिडकीवर कारण विचारायचे नाही, आणि पुढे कंसात लिहिले: लागलेच तर आत बसवून.